काळा आजार व त्याचे बालबळी

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राज्ये, लढाया आणि तह उभे राहतात. मीही आयुष्यभर शाळेत हाच इतिहास शिकविला आणि मुलांकडून सनावळ्या घोटून घेतल्या. परंतु ज्या रोगांनी लढायांहून अधिक माणसे नेली, त्यांच्या सनावळ्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळतात. प्लेगची गोष्ट निराळी. १८९६ साली तो मुंबईस उतरला आणि पुढे पुण्यात त्याच्या पायी जे घडले ते महाराष्ट्र विसरला नाही. आज ज्या रोगाविषयी बोलावयाचे आहे तो आपल्याकडे साथीच्या रूपाने कधी वस्तीस राहिला नाही. म्हणून त्याचे नाव आपणांस परके वाटते. बंगाल, आसाम आणि बिहार या प्रांतांत मात्र तेच नाव कित्येक पिढ्या आयांच्या काळजाचा ठोका चुकवीत आले आहे. ते नाव म्हणजे काळा आजार.

मी वैद्य नव्हे, तेव्हा रोगाची शास्त्रीय मीमांसा करण्याचा आव आणणार नाही. तथापि रोग कसा दिसतो हे कळल्यावाचून त्याचा इतिहास कळावयाचा नाही. मुलाला ताप येतो आणि तो आठवडेच्या आठवडे उतरत नाही. उतरला तरी पुन्हा चढतो. प्रारंभी मूल हिंडते-फिरते, पुष्कळदा जेवतेही. त्यामुळे घरच्यांस धीर वाटतो. परंतु हातपाय काड्यांसारखे होत जातात आणि पोट पुढे येऊ लागते. हे पोट अन्नाने भरलेले नसते. प्लीहा, म्हणजे आपण जिला पानथरी म्हणतो ती, आणि यकृत ही दोन्ही सुजून बेंबीच्याही खाली उतरतात. अंगातील रक्त आटते. हिंदुस्थानातील रोग्यांच्या कातडीवर काळसर छटा येते. तीवरूनच रोगास हे नाव मिळाले. शेवटी नाकातून रक्त येते, तोंड सडते, आणि न्यूमोनिया किंवा अतिसार असा दुसराच एखादा रोग या दुबळ्या देहाचा शेवट करतो. उपचार न मिळाल्यास शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी दगावतात. मृत्यूच्या नोंदीत मात्र अनेकदा त्या दुसऱ्या रोगाचेच नाव लिहिले जाते. ज्याला ‘ताप’ एवढाच शब्द ठाऊक, त्या खेड्यातील बापाने तरी यापेक्षा निराळे काय सांगावे?

या रोगाच्या साथीची पहिली स्पष्ट हकीकत १८२४-२५ सालच्या जेसोर जिल्ह्याची आहे. हा जिल्हा त्या वेळी बंगाल प्रांतात होता. आज तो बांगलादेशात आहे. पुढे १८६० नंतरच्या काळात बरद्वानकडे ‘बरद्वानचा ताप’ या नावाने जी भयंकर साथ पसरली, तिच्यात मलेरिया किती आणि काळा आजार किती याची वाटणी तेव्हा कोणासच करता आली नाही. तेथून रोग गारो टेकड्यांच्या पायथ्याशी पोहोचला. तो इंग्रजी अमलाबरोबर आपल्याकडे आला अशी गारो लोकांची समजूत होती. म्हणून ते त्यास सरकारी रोग म्हणत. नंतर तो ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून वर सरकू लागला. त्याची चाल वादळासारखी नव्हती. ती बैलगाडीची होती. वर्षास काही मैल, एका गावातून दुसऱ्या गावात, अशा गतीने तो नौगाँग जिल्ह्यात शिरला. १८९१ च्या खानेसुमारीत त्या जिल्ह्याची वस्ती ३ लाख ४७ हजारांच्या घरात होती. १९०१ साली ती २ लाख ६१ हजारांवर आली. दहा वर्षांत चारांतील एक माणूस कमी झाला. एका जिल्ह्याचा पाव हिस्सा नाहीसा होतो, आणि आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याची एक ओळही नसते!

सरकारने तज्ज्ञ पाठविले. १८८९ च्या सुमारास कॅप्टन जाइल्स यांनी चौकशी करून निर्णय दिला की, हा आतड्यांतील अंकुशकृमींचा प्रताप आहे. पुढे डॉक्टर लिओनार्ड रॉजर्स यांनी हा अत्यंत तीव्र स्वरूपाचा मलेरियाच होय असे प्रतिपादन केले, आणि मलेरियाचे कोडे सोडविणाऱ्या रोनाल्ड रॉसनीही त्यास दुजोरा दिला. दोन्ही निर्णय चुकीचे होते. मौज अशी की, निदान चुकले असतानाही रॉजर्स यांच्या सल्ल्याने केलेला एक उपाय मात्र अचूक ठरला. नौगाँगच्या चहाच्या मळ्यांवर डॉक्टर डॉड्स प्राइस यांनी रोगाने ग्रासलेल्या मजूरवस्त्या सोडून काहीशे यार्डांवर नव्या झोपड्या उभारल्या, आणि त्यांत केवळ निरोगी कुटुंबे आणून ठेविली. नव्या वस्तीतील माणसे वाचली. इतक्या थोड्या अंतराने मृत्यू का अडला, याचे उत्तर मिळावयास आणखी चाळीसांवर वर्षे जावी लागली.

रोगाचा जंतू सापडला तो १९०३ साली, आणि एकाच वर्षी दोन ठिकाणी. कलकत्त्याजवळच्या दमदम छावणीत राहिलेला एक ब्रिटिश शिपाई तापाने खंगून विलायतेस परत गेला व १९०० साली नेटलीच्या लष्करी रुग्णालयात वारला. त्याच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना सूक्ष्मदर्शकाखाली काही चमत्कारिक कण दिसले. पुष्कळ विचार करून त्यांनी ती हकीकत १९०३ च्या मे महिन्यात प्रसिद्ध केली. इकडे मद्रासच्या सरकारी रुग्णालयात चार्ल्स डोनोव्हन यांना तसेच कण एका मृत मुलाच्या प्लीहेत आधीच दिसले होते. परंतु ते देह कुजल्यामुळे उत्पन्न झाले असावेत, ही शंका उरत होती. १७ जून १९०३ रोजी डोनोव्हन यांनी बारा वर्षांच्या एका जिवंत मुलाच्या प्लीहेत सुई घालून रक्ताचा थेंब काढला. त्या थेंबातही तेच कण होते. शंका मिटली. हे कण म्हणजे कुजण्याचा परिणाम नसून रोगाचे मूळ होते. रोनाल्ड रॉस यांनी दोघांचाही मान राखून जंतूचे नाव ठेविले ‘लीशमानिया डोनोव्हानी’. ज्या मुलाच्या थेंबभर रक्ताने हा निकाल दिला, त्याचे नाव अर्थातच कशालाही लागले नाही.

आता क्षणभर हिंदुस्थान सोडून भूमध्य समुद्राच्या काठी जाऊ. ग्रीसमधील हायड्रा आणि स्पेत्सेस या बेटांवर एका बालरोगास लोक ‘पोनोस’ म्हणत. पोनोस म्हणजे कष्ट, वेदना. वर्ष-दोन वर्षांची मुले फिकट पडत, त्यांचे पोट फुगे, आणि ती जात. १९०५ साली नेपल्स येथे पियानेसे यांनी अशाच मुलांच्या शरीरात लीशमन-डोनोव्हनचे कण दाखविले. १९०८ साली ट्यूनिस येथे शार्ल निकोल यांनी या जंतूस ‘लीशमानिया इन्फान्टुम’, म्हणजे शिशूंचा लीशमानिया, असे नाव दिले. हेच निकोल पुढे टायफस ज्वरावरील संशोधनासाठी १९२८ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी झाले. शिशूंचा जंतू कुत्र्यांच्या शरीरातही नांदतो, हेही त्यांनीच दाखविले.

आपण विचाराल, तेथे हा रोग शिशूंनाच का व्हावा? याचे कारण मोठे उद्बोधक आहे. जंतू शरीरात शिरला म्हणजे रोग झालाच असे नाही. पुष्कळांचे शरीर त्यास आतल्या आत कोंडून ठेवते, आणि त्या माणसास जन्मभर पत्ताही लागत नाही. ज्या गावात जंतू पिढ्यान्‌पिढ्या मुरला आहे तेथील प्रौढ हे बालपणीच ही परीक्षा उतरलेले असतात. नापास झालेली मुले मोठी होण्यास उरलेलीच नसतात! आणि या परीक्षेत उतरण्याचे मुख्य साधन म्हणजे पोटभर अन्न. अन्नावाचून कृश झालेले मूल जंतूस कोंडू शकत नाही. उलट जंतूच त्याला अधिक कृश करतो. म्हणून काळा आजार हा जितका जंतूचा, तितकाच दारिद्र्याचा रोग होय. हिंदुस्थानात त्याने मुलांबरोबर तरुण व प्रौढ माणसेही नेली, कारण येथे तो साथीसाथीने येई. मधल्या काळात ज्यांची परीक्षाच झाली नव्हती अशी एक आख्खी पिढी वाढलेली असे. साथ ओसरल्यावर जन्मलेली ही पिढी म्हणजे पुढल्या साथीचे सरपण. हा मुद्दा, श्रोतेहो, कृपा करून ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

औषधाचा पहिला किरण दिसला तोही मुलांच्याच वॉर्डात. १९१५ साली सिसिली बेटावरील पालेर्मो येथे दि क्रिस्तिना आणि कारोनिया या दोन वैद्यांनी टार्टर इमेटिक नावाचा क्षार मुलांच्या शिरेत टोचून काही रोगी बरे केले. त्याच वर्षी कलकत्त्यात रॉजर्स यांनीही स्वतंत्रपणे हाच उपाय योजिला. या क्षारात अँटिमनी नावाची धातू असते. आपल्या सुरम्याशी तिचे जुने नाते आहे. परंतु हे औषध कसले, दुसरे दुखणेच ते! दोन-दोन, तीन-तीन महिने शिरेत टोचावयाचे, प्रत्येक वेळी उलट्या आणि खोकल्याची उबळ. आणि दोन वर्षांच्या खंगलेल्या मुलाच्या हाताची शीर तरी सापडावी कशी? अनेक आया मुलास अर्ध्या उपचारातूनच घरी नेत. त्यांना दोष कोणी द्यावा?

ही अडचण दूर करणारा पुरुष कलकत्त्याच्या कॅम्बेल वैद्यकीय शाळेत एका लहानशा खोलीत काम करीत होता. त्यांचे नाव डॉक्टर उपेंद्रनाथ ब्रह्मचारी. त्या खोलीत ना पाण्याचा नळ होता, ना विजेचा दिवा; रात्रीचे काम रॉकेलच्या कंदिलावर चाले. अशा ठिकाणी १९२० साली त्यांनी अँटिमनीचे एक नवे संयुग सिद्ध केले. तेच युरिया स्टिबामिन. १९२२ साली त्यांनी त्याची हकीकत प्रसिद्ध केली. महिन्यांचा उपचार आता काही आठवड्यांवर आला, यातनाही पुष्कळ कमी झाल्या. १९१७ नंतर आसामात पुन्हा भडकलेल्या साथीत गावोगावच्या दवाखान्यांतून हे औषध टोचले गेले, आणि ज्या रोगाचे नाव म्हणजे मृत्यूचा दाखला होता त्यातून माणसे उठून शेतावर जाऊ लागली. १९२९ साली ब्रह्मचाऱ्यांचे नाव नोबेल पारितोषिकासाठी सुचविले गेले. पारितोषिक मिळाले नाही. १९४६ साली त्यांचे निधन झाले. आज आपल्यापैकी किती जणांस त्यांचे नाव ठाऊक आहे, हे ज्याने त्याने आपल्याशीच विचारावे.

औषध निघणे निराळे आणि ते रोग्याच्या उशाशी पोहोचणे निराळे. सुकुमार राय हे बंगाली मुलांचे अत्यंत लाडके कवी. त्यांना काळ्या आजाराने गाठले, आणि १० सप्टेंबर १९२३ रोजी, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, ते कलकत्त्यातच वारले. ब्रह्मचाऱ्यांची खोली त्याच शहरात होती. परंतु औषध अजून सर्रास वापरात आले नव्हते. मुलांसाठी लिहिलेले त्यांचे ‘आबोल ताबोल’ हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर नऊ दिवसांनी प्रसिद्ध झाले. मागे राहिलेला त्यांचा मुलगा तेव्हा सव्वादोन वर्षांचा होता. पुढे तोच चित्रपट-दिग्दर्शक सत्यजित राय म्हणून जगास ठाऊक झाला. रोग मुलांना नेतो तसा मुलांचे बापही नेतो.

आता राहिला तो जुना प्रश्न : जंतू एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा? कोणी ढेकणावर संशय घेतला, कोणी आणखी कशावर. १९२४ च्या सुमारास संशयाची सुई एका क्षुद्र कीटकावर स्थिरावली. ही वाळूमाशी. डासाहून कितीतरी लहान, रंगाने मातकट, उडण्यात दुबळी; फार दूर नाही आणि फार उंचही नाही. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातील ओल, शेणामातीचा कुजका थर ही तिची घरे. संध्याकाळ झाली की ती निघते आणि जमिनीवर निजलेल्यांस चावते. चहाच्या मळ्यावर काहीशे यार्डांनी मृत्यू का अडला, ते आता आपल्या ध्यानात आले असेल. त्या झोपड्यांच्या आणि या झोपड्यांच्या मध्ये वाळूमाशीला न झेपणारे अंतर होते.

परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. माशीला रोग्याचे रक्त पाजावे, जंतू तिच्या पोटात वाढू द्यावा आणि मग ती निरोग्यास चावते का ते पाहावे, एवढाच प्रयोग. पण माशी मध्येच मरून जाई. आसामात मेजर शॉर्ट आणि त्यांचे सहकारी या एका अडचणीशी वर्षानुवर्षे झगडले. शेवटी गाठ सुटली ती बेदाण्याने! १९४० च्या सुमारास स्मिथ, हालदार आणि अहमद यांनी रक्त प्यालेल्या माशांना पुढे बेदाण्यांचा रस चाखू दिला. माशा जगल्या, आणि त्यांच्या सोंडेपर्यंत जंतू दाटून आले. त्याच युक्तीने १९४२ साली स्वामिनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना अशा माशा चावू दिल्या, आणि त्यांना काळा आजार झाला. आरोप सिद्ध झाला. जाता जाता सांगावयास हरकत नाही की, वाळूमाशी ही विदर्भासही अगदी परकी नाही. १९६५ साली नागपूर जिल्ह्यातील चांदीपुरा गावी सापडलेला आणि त्याच गावाचे नाव मिळालेला, लहान मुलांच्या मेंदूवर घाला घालणारा विषाणू वाळूमाश्याच वाहून नेतात. तो रोग निराळा. वाहणारे कूळ एकच.

येथवरची कथा मनुष्याच्या बुद्धीची झाली. आता विसराळूपणाची ऐका.

१९५३ साली देशात मलेरियाविरुद्ध मोहीम सुरू झाली आणि घरोघर डीडीटीची फवारणी झाली. मारावयाचे होते डास. त्यांच्याबरोबर वाळूमाश्याही मेल्या. काळा आजार असा दिसेनासा झाला की, १९६० नंतरच्या दशकात नव्या डॉक्टरांना त्याचा रोगी पाहावयास मिळेना. रोग गेला असे सर्वांनी मानले. मलेरिया हटलेल्या भागांतील फवारणी थांबली. परंतु रोग गेला नव्हता. तो लपला होता. कोठे? बऱ्या झालेल्या माणसांच्या कातडीत. काळा आजार बरा झालेल्या काहींच्या अंगावर महिन्यांनी किंवा वर्षांनी फिकट चट्टे आणि गाठी उठतात, हे १९२२ साली ब्रह्मचाऱ्यांनीच नमूद करून ठेविले होते. या चट्ट्यांना ना खाज, ना वेदना. माणूस कामधंदा करतो, नातवंडांस मांडीवर घेतो; वैद्याकडे जाण्याचे त्याला कारणच नसते. परंतु अशा कातडीतून वाळूमाशीला जंतू मिळतो. हिंदुस्थानात या जंतूला कुत्र्याचा आश्रय लागत नाही; येथे तो माणसातून माणसात जातो. म्हणून येथे बीज जपणारा कोण, तर बरा झालेला मनुष्यच.

१९७७ साली उत्तर बिहारात वैशाली आणि मुझफ्फरपूरकडे आगीचा भडका उडाला. त्या साथीत सुमारे एक लाख लोक रोगाने पछाडले असा अंदाज आहे. मघाशी मी ध्यानात ठेवा म्हटले ते सरपण हेच. फवारणीच्या निर्धास्त काळात जन्मलेल्या मुलांच्या शरीरांना या जंतूची ओळख नव्हती. आणि त्यांच्या डॉक्टरांनाही नव्हती. १९९२ साली देशात ७७ हजारांवर रुग्ण आणि १४१९ मृत्यू नोंदले गेले. न नोंदलेले निराळेच. यांत मुसहर समाजासारखी भूमिहीन, कच्च्या घरांत राहणारी कुटुंबे फार होती. घरात एक मूल आजारी पडले की मजुरी बुडे, मग शेळी विकली जाई, मग कर्ज होई. आणि तोवर दुसरे मूल तापाने फणफणू लागे. त्यात अर्धवट घेतलेल्या औषधांमुळे आणि अन्य कारणांमुळे जंतू अँटिमनीला जुमानीनासा झाला. उत्तर बिहारात निम्म्याहून अधिक रोग्यांना ते औषध लागू पडेना. ब्रह्मचाऱ्यांनी दिलेले शस्त्र बोथट झाले.

सुदैवाने या वेळी आळस झाला नाही. बोटातील थेंबभर रक्तावर काही मिनिटांत निदान करणारी पट्टी निघाली. डोनोव्हनच्या सुईची धास्ती संपली. २००२ साली मिल्टेफोसिन हे पोटात घ्यावयाचे औषध देशात मान्य झाले. २०१० साली मुझफ्फरपूर येथील डॉक्टर श्याम सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, स्निग्ध कणांत गुंडाळलेले अँफोटेरिसिन बी हे औषध शिरेतून एकदाच दिले तरी शंभरांतील पंचाण्णवांहून अधिक रोगी बरे होतात. वजनाच्या दर किलोस दहा मिलिग्राम, एवढे प्रमाण. दहा किलो वजनाच्या मुलास पन्नास मिलिग्रामच्या दोन कुप्या पुरतात. तीन महिन्यांच्या यातनांचे काम एका दिवसावर आले! २००५ साली भारत, नेपाळ व बांगलादेश यांनी रोग हटविण्याचा करार केला होता. त्याला या औषधाने बळ आले. दर दहा हजार वस्तीस वर्षातून एकाहून कमी रोगी, हे उद्दिष्ट बांगलादेशाने गाठल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली दिला. त्याच वर्षी भारतातील रुग्णसंख्या सहाशेच्या आत आली, आणि बिहार, झारखंड, पश्चिम बंगाल व उत्तर प्रदेश या चार राज्यांतील सर्व रोगग्रस्त तालुक्यांनी ती मर्यादा साधली.

ही आनंदाची वार्ता होय. पण ती १९६० सालच्या आनंदासारखी ठरू नये. रोग हटला म्हणजे नष्ट झाला नव्हे. आफ्रिकेकडे पाहावे. दक्षिण सुदानच्या अप्पर नाईल प्रदेशाच्या पश्चिम भागात १९८४ पासूनच्या दहा वर्षांत, यादवीच्या धुमाळीत, सुमारे २ लाख ८० हजार वस्तीतून एक लाख माणसे या रोगाने गेली असा अंदाज आहे. नौगाँगला चारांतील एक. येथे तिघांतील एकाहून अधिक. जगातील बहुतेक रोगी आता पूर्व आफ्रिकेत आहेत, आणि २०२२ सालच्या जागतिक आकड्यांनुसार तेथील निम्मे रोगी पंधरा वर्षांखालील मुले होती.

तात्पर्य, दोनशे वर्षांच्या या इतिहासात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. मोठ्या माणसांनी रोग विसरावा आणि त्याचे मोल त्यानंतर जन्मलेल्या मुलांनी द्यावे. रोगी सहाशेच उरले असता त्यांच्यावर पैसा कशास खर्चावयाचा, हा प्रश्न शहाणपणाचा वाटतो. परंतु तो १९६० नंतरही शहाणपणाचाच वाटला होता. बऱ्या झालेल्या माणसाच्या कातडीवरचे चट्टे कोणीतरी वर्षानुवर्षे पाहत राहिले पाहिजेत, मातीच्या भिंतींवर फवारणी होत राहिली पाहिजे, आणि ज्याने हा रोग कधी पाहिला नाही अशा तरुण डॉक्टरास तो शिकविला गेला पाहिजे. आपल्या मुंबई-पुण्याकडेही आज बिहारातील कुटुंबे पोटासाठी येतात. त्यांच्या एखाद्या मुलाचा ताप दोन आठवडे हटला नाही आणि पोट फुगलेले दिसले, तर ‘तुमचे गाव कोणते?’ एवढा प्रश्न विचारण्याचे भान आपल्या वैद्यांस असावे. नौगाँगच्या मुलांसाठी तो प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. आज विचारता येतो, आणि त्याचे उत्तर मिळाल्यास दोन कुप्यांत मूल वाचते.